बल्बमध्ये विरलेले ठिपके

शैक्षणिक तंत्रज्ञानात पदव्युत्तर पदवी करणाऱ्या एका विज्ञानशिक्षिकेचं प्रकरण

प्रवेशाच्या मुलाखतीला येताना या शिक्षिकांनी सोबत एक पेन ड्राइव्ह आणला होता. त्यात विज्ञानाच्या २२ पाठांवरची ॲनिमेशनं होती. शाळा सुटल्यावर, घरचं सगळं आवरून, रात्री बसून सात-आठ वर्षांत केलेली. आता त्यातलं एकही चालत नव्हतं. सगळी फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये होती आणि ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश बंद केलं. १२ जानेवारी २०२१ नंतर ब्राउझरमध्ये ती फाइल उघडली की नुसता रिकामा चौकोन दिसायचा. "सर, इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली," त्या म्हणाल्या. "आता असं काहीतरी शिकायचंय, जे पुन्हा बंद पडणार नाही."

समितीतल्या आम्हा सगळ्यांना ते उत्तर आवडलं. प्रवेश मिळाला. त्या वाक्याचा अर्थ त्यांनी एक धरला होता आणि आम्ही दुसरा. हा फरक उघड व्हायला दीड वर्ष गेलं. मी त्यांचा मार्गदर्शक होतो. त्यांचं आणि शाळेचं नाव इथे देत नाही.

पार्श्वभूमी

माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवण्याचा ११ वर्षांचा अनुभव. नोकरी सोडायची नव्हती, म्हणून अर्धवेळ प्रवेश. दोन वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत पुरा करायचा. मुख्याध्यापिकांनी तासांची अदलाबदल करून द्यायचं कबूल केलं आणि एक अपेक्षा ठेवली: पदवी झाली की शाळेचं 'डिजिटल'चं सगळं काम यांनी बघायचं.

शैक्षणिक तंत्रज्ञान या एकाच नावाखाली बरेच वेगवेगळे अभ्यासक्रम चालतात. एखादा शिक्षणशास्त्र विभागात असतो आणि अध्यापनाकडे झुकतो. एखादा संगणकशास्त्राच्या अंगाने जातो. तिथे प्रोग्रामिंग आणि शिकणाऱ्यांच्या नोंदींचं विश्लेषण यांवर भर असतो. एखादा कंपन्यांमधल्या प्रशिक्षणासाठी इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणजे शिकवण्याचं साहित्य आखणारी माणसं, घडवतो. कुठे प्रबंध सक्तीचा असतो, कुठे त्याऐवजी पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामांचा संच, चालतो. माहितीपत्रकात मात्र सगळे सारखेच दिसतात. म्हणून विचारायला येणाऱ्यांना मी सांगतो की विषयांची नावं वाचून ठरवू नका. त्या विभागातून अलीकडच्या चार-पाच वर्षांत झालेल्या प्रबंधांची शीर्षकं वाचा. तिथली माणसं खरोखर कशात गुंतली आहेत ते त्यावरून कळतं. या शिक्षिकांनी विषयांचीच नावं वाचली होती. मल्टिमीडिया निर्मिती आणि ई-लर्निंगची साधनं हे दोन विषय बघून त्या आल्या, आणि ते दोन्ही मिळून अभ्यासक्रमाचा अगदी लहान भाग होता.

पहिल्या सत्रात वाट्याला आला इतिहास. चित्रपट आल्यामुळे शाळांमधली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, असं एडिसनने १९१३ साली म्हटलं होतं. १९५०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ स्किनरचं शिकवणारं यंत्र आलं. १९६०मध्ये इलिनॉय विद्यापीठात प्लेटो ही संगणकावरून शिकवणारी प्रणाली सुरू झाली. १९६७मध्ये सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली. 'हे मला वर्गात काय कामाचं?' असं शिक्षिकांनी स्वाध्यायाच्या समासात लिहिलं होतं. प्रश्न रास्त होता. मी खाली लिहिलं, 'या प्रत्येकाचं पुढे काय झालं ते लिहा आणि मग फ्लॅशकडे परत या.' ते राहूनच गेलं. शाळेच्या परीक्षा तोंडावर होत्या.

एक केबल

त्याच सत्राच्या शेवटी गरज-विश्लेषणाचा प्रकल्प असतो. आपल्या कामाच्या ठिकाणची एक अडचण घ्यायची आणि ती मुळात प्रशिक्षणाने सुटणारी आहे का, हे तपासायचं. त्यांच्या शाळेत आठ वर्गांत प्रोजेक्टर होते आणि ते जवळजवळ कोणी लावतच नव्हतं. मुख्याध्यापिकांचं निदान तयार होतं: शिक्षकांना प्रशिक्षण हवं. शिक्षिकांचंही तेच मत होतं आणि त्या लांबलचक प्रश्नावली घेऊन आल्या. मी म्हटलं, प्रश्नावली राहू द्या, आधी एक आठवडा नुसतं बघा.

त्यांनी बघितलं. प्रोजेक्टरची केबल कार्यालयातल्या कपाटात कुलपात असायची, कारण पूर्वी दोन हरवल्या होत्या. ती हवी असेल तर रजिस्टरमध्ये सही करायची, किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना शोधायचं, जिना चढून वर्गात यायचं, जोडणी करायची. त्यांनी घड्याळ लावून मोजलं: ३५ मिनिटांच्या तासातली ९ मिनिटं. तास संपल्यावर परत नेऊन द्यायची ती वेळ वेगळी. ज्यांना 'तंत्रज्ञानाची भीती वाटते' असं सगळे म्हणत होते, तेच शिक्षक घरी फोनवरून सगळे व्यवहार बिनबोभाट करत होते.

केबल प्रत्येक वर्गात भिंतीलाच बांधून टाकल्या. प्रोजेक्टर लागू लागले. सगळ्या वर्गांत नाही, पण लागू लागले. प्रकल्पाला गुणही चांगले मिळाले, तरी त्या खट्टू होत्या. "यात तंत्रज्ञान कुठे आलं, सर? मी फक्त केबल बांधली."

एईसीटी या शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या अमेरिकी संघटनेने २००८मध्ये दिलेल्या व्याख्येत साधनं आहेत, पण साधनांच्या आधी प्रक्रिया आहेत आणि त्याच्याही आधी नैतिक व्यवहार हा शब्द आहे. हे मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांना पटलं नाही. का पटलं नाही, हे मला आता कळतं. पेन ड्राइव्हचं दुःख अजून ताजं होतं आणि त्यांना काहीतरी घडवायचं होतं. ही ओढ खरी असते. तिला कमी लेखणाऱ्या विभागांतून मग नुसते लेख वाचणारी माणसं बाहेर पडतात.

आराखडा परत गेला

तिसऱ्या सत्रात संशोधनाचा आराखडा आला. शीर्षक होतं: 'विद्युतधारा या घटकासाठी व्हिडिओद्वारे अध्यापन आणि पारंपरिक अध्यापन यांच्या परिणामकारकतेचा तुलनात्मक अभ्यास'. एका वर्गाला व्हिडिओ, दुसऱ्याला फळा. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि शेवटी टी-चाचणी, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक योगायोगाचा आहे का ते तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी. व्हिडिओ त्यांनी स्वतः केला होता, १४ मिनिटांचा, नव्या साधनावर.

या धाटणीचे प्रबंध मी इतके वाचले आहेत की शीर्षकावरूनच निष्कर्ष सांगता यावा. मी त्यांच्यासमोर शैक्षणिक माध्यमांचे संशोधक रिचर्ड क्लार्क यांचा १९८३चा लेख ठेवला. क्लार्क यांचं म्हणणं असं की माध्यम म्हणजे किराणा पोचवणारा ट्रक. ट्रक बदलल्याने आपलं पोषण बदलत नाही, आतल्या मालाने बदलतं. शिक्षिकांनी व्हिडिओची संहिता तीन आठवडे घासूनपुसून लिहिली होती, उदाहरणं पारखून निवडली होती. फळ्यावरच्या तासाची तयारी मात्र रोजचीच. शिवाय व्हिडिओ मुलांना घरी पुन्हा बघता येणार होता. मग उत्तरचाचणीत फरक पडला तर त्याचं श्रेय कोणाला द्यायचं? व्हिडिओला, तीन आठवड्यांच्या विचाराला, जास्तीच्या वेळेला की नव्याच्या नवलाईला?

पुढच्या भेटीला त्या लेख वाचून आल्या, आणि त्याला उत्तर देणारा रॉबर्ट कोझमा यांचा १९९४चा लेखही शोधून आणला. "खडूने बाण काढला की तो तिथेच राहतो, सर. धारा वाहताना दाखवणं फळ्याला जमतच नाही. जे एका माध्यमाला जमतं आणि दुसऱ्याला जमत नाही, त्याने फरक पडत नाही असं कसं म्हणायचं?"

हा मुद्दा बिनतोड होता आणि मी तो मान्य केला. कोझमा यांचं सांगणं तेच आहे: प्रत्येक माध्यमाच्या काही खास क्षमता असतात आणि अध्यापनाची पद्धत त्या क्षमतांना धरून रचावी लागते. मी म्हटलं, "मग तुमचा प्रश्नही तोच ठेवा. हलत्या चित्राची ही ताकद मुलांना नेमकी कुठे उपयोगी पडते? व्हिडिओ विरुद्ध फळा असं विचारलंत तर हे कधीच हाती लागणार नाही." आणि आराखडा परत केला.

यात माझी एक मोठी चूक होती. मी त्यांचा व्हिडिओ पाहिलाच नव्हता. तीन आठवडे राबून केलेलं काम न बघता मी त्याच्याभोवतीच्या रचनेवर बोललो. त्या दोन महिने फिरकल्या नाहीत. नंतर कळलं की प्रबंध सोडून पोर्टफोलिओ घेता येईल का, याची त्यांनी कार्यालयात चौकशी केली होती.

पोर्टफोलिओत वावगं काही नाही. ज्याला इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणून काम करायचं आहे त्याला नोकरी देणारा आधी काम दाखवा म्हणतो. प्रबंध कोणी मागत नाही. पण या शिक्षिका वर्गातच राहणार होत्या. ज्याला पुढची वीस वर्षं मुलांसमोर उभं राहायचं आहे, त्याला निदान एकदा तरी आपल्याच शिकवण्याकडे लांबून बघायला भाग पाडणारं काहीतरी हवं, आणि ते प्रबंधात घडतं, असं माझं मत. मी फोन करून चूक कबूल केली आणि म्हटलं, "व्हिडिओ मला दाखवू नका. एखाद्या मुलाला दाखवा. तो व्हिडिओ बघेल, आपण त्याला बघू."

चौथं मिनिट

पालकांची लेखी संमती घेतली, शाळेची परवानगी घेतली. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत एक १३ वर्षांचा मुलगा लॅपटॉपपुढे बसला. त्याला सांगितलं होतं की बघताना मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, हवं तिथे थांबायचं, मागे जायचं. शिक्षिका बाजूला बसल्या, मी मागच्या बाकावर.

व्हिडिओ देखणा होता. बॅटरी, कळ, धारा मोजणारा अ‍ॅमीटर आणि एकसर जोडणीत, म्हणजे एकापाठोपाठ एक जोडलेले, दोन बल्ब. तारेतून पिवळे ठिपके वाहत होते. मंद संगीत, शिक्षिकांचा स्पष्ट आवाज, आणि त्या बोलत होत्या तीच वाक्यं खाली पट्टीत. चित्रातल्या भागांना आकडे दिले होते आणि त्या आकड्यांचा अर्थ कोपऱ्यातल्या चौकटीत होता.

दुसऱ्या मिनिटाला मुलगा मागे गेला. परत बघितलं. परत मागे गेला.

"काय झालं रे?"

"तीन नंबर म्हणजे काय ते खाली बघत होतो, बाई. तेवढ्यात ठिपके पुढे गेले."

जॉन स्वेलर यांनी १९८८पासून बोधात्मक भाराबद्दल, म्हणजे शिकताना मनावर एकाच वेळी पडणाऱ्या ताणाबद्दल, जे मांडलं आणि रिचर्ड मेयर यांनी मल्टिमीडियातून शिकण्याची जी तत्त्वं सांगितली, त्यांवर शिक्षिकांनी दुसऱ्या सत्रात उत्तम पेपर लिहिला होता. नाव चित्राजवळच द्यावं, बोललेलंच पुन्हा लिहून दाखवू नये, कामाचं नसलेलं संगीत काढावं. सगळं त्यांना पाठ होतं. त्यांच्या व्हिडिओत हे सगळे दोष होते आणि मुलाची नजर चित्र-कोपरा-चित्र अशी धावताना दिसेपर्यंत त्यांच्या लक्षात आले नव्हते. त्यांनी वहीत काहीतरी खरडलं. इथपर्यंत ठीक होतं.

व्हिडिओ संपला. शिक्षिकांनी विचारलं, "दोन बल्ब आहेत. पहिल्यातून जाणारी धारा आणि दुसऱ्यातून जाणारी धारा, यांबद्दल काय सांगशील?"

"पहिल्यातून जास्त. तो थोडी खातो ना. उरलेली दुसऱ्याला मिळते."

"हे कशावरून?"

मुलाने स्वतःहून व्हिडिओ चौथ्या मिनिटावर नेला आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा ना. आत इतके ठिपके जातात आणि बाहेर कमी येतात."

तो बरोबर बघत होता. बल्ब उजळताना सुंदर दिसावा म्हणून शिक्षिकांनी काही ठिपके प्रकाशात विरघळवले होते. त्या एका दृश्यासाठी त्यांनी एक रात्र घालवली होती.

एकसर जोडणीत धारा सगळीकडे सारखीच असते. बल्बमध्ये खर्च होते ती ऊर्जा; विद्युतप्रभार जितका आत जातो तितकाच बाहेर पडतो. 'पहिला बल्ब धारा खातो' ही समजूत जगभरातल्या मुलांमध्ये आढळते आणि तिच्यावर कितीतरी वर्षांपासून संशोधन झालेलं आहे. शिक्षिका ती दरवर्षी वर्गात खोडून काढत आल्या होत्या. मुलगा ती समजूत आधीपासूनच घेऊन आला असेलही, पण आज त्याला बाईंच्याच व्हिडिओत तिचा डोळ्यांदेखत पुरावा मिळाला होता.

मुलगा गेल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग दप्तरातून उत्तरचाचणीचा कागद काढला आणि एकेक प्रश्न वाचत गेल्या. एकसर जोडणी म्हणजे काय? धारा मोजणाऱ्या उपकरणाचं नाव? आकृती काढून नावे द्या. २० प्रश्नांपैकी एकही असा नव्हता की ज्यात या मुलाची समजूत पकडली गेली असती. तो चांगल्या गुणांनी पास झाला असता. आमचा तुलनात्मक अभ्यास पुरा झाला असता, बहुधा व्हिडिओ जिंकलाही असता, आणि हा घोटाळा प्रबंधाच्या बांधणीत कायमचा बंद झाला असता.

"कोझमा बरोबर होते," त्या शेवटी म्हणाल्या. "खडूच्या बाणाने मी ही चूक शिकवूच शकले नसते."

क्लार्क आणि कोझमा यांचा वाद मी अनेक वर्षं वर्गात शिकवतो आहे. त्या दिवशी तो मला नव्याने कळला. हलत्या चित्राची ताकद खरी आहे, आणि ती चुकीच्या बाजूलाही तितक्याच जोराने ओढते.

तीन फेऱ्या

नव्या आराखड्याला फारसे कष्ट पडले नाहीत. ॲन ब्राउन आणि ॲलन कॉलिन्स यांनी १९९२मध्ये मांडलेल्या धर्तीचं रचना-आधारित संशोधन: बनवायचं, मुलांसमोर ठेवायचं, बघायचं, कुठे का अडलं ते लिहायचं, बदलायचं, पुन्हा ठेवायचं.

संगीत गेलं, खालची पट्टी गेली, नावं चित्राला चिकटली. दुसऱ्या आवृत्तीत ठिपक्यांची संख्या कायम राहिली. बल्बमधून जाताना त्यांची चमक तेवढी मंद होई, म्हणजे ऊर्जा उतरली. शिक्षिकांना ही युक्ती फार आवडली होती. मग एक मुलगी म्हणाली, "ठिपके दमतात, म्हणून पुढे हळू चालत असतील." अडचण मिटली नव्हती, फक्त जागा बदलून बसली होती.

तिसऱ्या आवृत्तीत व्हिडिओ बल्बच्या आधीच थांबतो आणि विचारतो: बल्बच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन अ‍ॅमीटर लावले तर कुठला जास्त दाखवेल? मुलं अंदाज लिहितात आणि कारणही लिहितात. मग खरी तार, खरा बल्ब, खरे दोन अ‍ॅमीटर. दोन्ही काटे एकाच आकड्यावर थांबलेले बघितल्यावर उरलेला व्हिडिओ. आधी अंदाज, मग निरीक्षण, मग स्पष्टीकरण हा क्रम व्हाइट आणि गन्स्टोन यांनी १९९२मध्ये सविस्तर मांडला आहे. १४ मिनिटांचा व्हिडिओ ६ मिनिटांचा झाला.

मुलं त्यांच्याच वर्गातली असल्यामुळे बाईंना बरं वाटेल तेच बोलण्याचा धोका होता. म्हणून नंतरच्या मुलाखती दुसऱ्या एका शिक्षकांनी घेतल्या, त्यांचा गुणांशी संबंध ठेवला नाही, आणि शेवटची आवृत्ती सगळ्याच मुलांना दाखवली. नैतिक व्यवहार हा शब्द आता त्यांना मी वाचून दाखवावा लागला नाही. निष्कर्ष त्यांनी बेतानेच लिहिले. काही मुलांची समजूत काटे बघूनही हलली नाही, तेही प्रबंधात आलं.

शाळेत काय झालं

पदवी हातात येण्याआधीच शाळेत एका ई-लर्निंग प्लॅटफॉर्मचं प्रात्यक्षिक झालं. डॅशबोर्ड, रंगीत आलेख, कोणत्या मुलाने किती व्हिडिओ पाहिले याची नोंद. शिक्षिकांनी विचारलं, "मुलाचं उत्तर चुकलं, तर त्याने कोणत्या विचाराने ते दिलं हे यात कुठे दिसतं?" आलेल्या माणसाने बरोबर-चूक उत्तरांचा तक्ता पुन्हा दाखवला. त्यांनी खरेदी पुढे ढकलावी असं सुचवलं आणि मुख्याध्यापिका नाराज झाल्या. त्यांच्या बाजूनेही बघायला हवं. तीन वर्षं तासांची अदलाबदल त्यांनी निभावली होती आणि त्यांना काहीतरी दिसण्याजोगं हवं होतं. 'डिजिटल'चं काम शेवटी दुसऱ्या शिक्षकांकडे गेलं. यांनी आठवड्यातले दोन तास मागून घेतले, मुलांना शिकताना बघण्यासाठी. तेवढे मिळाले. हे पुरेसं आहे का, असं मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की नाही, पण सुरुवातीला पुरे.

मागच्या महिन्यात त्या भेटायला आल्या तेव्हा तोच पेन ड्राइव्ह सोबत होता. जुन्या फ्लॅश फाइली चालवणारं रफल नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यावर त्यांची बरीचशी ॲनिमेशनं पुन्हा चालू लागली आहेत. मला वाटलं, आता ती वर्गात दाखवणार. त्यांनी वही उघडली. त्या एकेक ॲनिमेशन लावून बघतात आणि यातून मूल काय चुकीचं शिकलं असेल ते लिहून काढतात. २२पैकी आठ झाली होती. त्यांनी ऋतूंचं ॲनिमेशन लावलं. पृथ्वीची कक्षा त्यांनी तेव्हा चांगली लांबट, अंड्यासारखी काढली होती. खरी कक्षा जवळजवळ वर्तुळ आहे आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्याकडच्या थंडीत.

"हे मी सहा वर्षं दाखवलंय," त्या म्हणाल्या. पुढच्या सोमवारी काहीही न दाखवता वर्गाला एवढंच विचारायचं त्यांनी ठरवलं होतं: उन्हाळ्यात गरम का होतं? उत्तरं लिहून घ्यायला कोरे कागद त्यांनी मोजून ठेवले होते.